लडाखला जाऊन काय पाहिलं?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेले मनोगत)

ताईंनो, जुले! घाबरू नका, शिवी नाही दिली. लडाखमध्ये 'नमस्कार'ला जुले म्हणतात, 'आभारी आहे'लाही जुले आणि निरोप घेतानाही जुले. एका शब्दात सगळं काम.

आधी एक सांगते, कारण गावात कुजबूज झाली होती. मी गटाचं कर्ज काढून फिरायला गेले नाही. पोस्टात दर महिन्याला पाचशे रुपये, अशी सहा वर्षं आरडी भरली. त्यात ह्यांनी निवृत्तीच्या पैशातून भर घातली. लग्नाला तीस वर्षं झाली, पंढरपूर आणि जेजुरी सोडून आम्ही दोघं कुठे गेलो नव्हतो.

जूनमध्ये विमानाने लेहला उतरलो. आपलं माथेरान अडीच हजार फुटांवर, तर लेह साडेअकरा हजार फुटांवर. हवा विरळ. जिना चढलं तरी धाप लागते. पहिले दोन दिवस नुसता आराम करायचा, असं सगळे सांगतात. पण आमचे हे ऐकतात कुठे! सामान ठेवलं आणि बाजार बघायला निघाले. रात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, झोप नाही. सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि बजावलं, बरं वाटेपर्यंत आणखी उंचावर जायचं नाही; त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं.

तिसऱ्या दिवशी खारदुंग ला खिंडीची गाडी ठरली होती. ती खिंड साडेसतरा हजार फुटांवर. हे म्हणाले, "पैसे भरलेत, जाऊन येऊ." तीस वर्षांत मी ह्यांना समोरून 'नाही' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, "अहो, पैसे गेले तर पुन्हा साठवीन. तुम्हाला कुठून आणू?" हे गप्प बसले. गाडीचे पैसे बुडाले. पँगाँग तलाव राहिला, नुब्राचे दोन मदारींचे उंट राहिले. मला त्याचं दुःख नाही.

मग लेहजवळच्या एका खेड्यात घरगुती मुक्कामाला राहिलो. खरं लडाख मला तिथे दिसलं. चारी बाजूंना उघडे डोंगर, झाड नाही, गवत नाही. आणि गावात मात्र हिरवंगार जवाचं शेत, जर्दाळूची झाडं. घरच्या बाईंना सगळे आमा-ले म्हणायचे, म्हणजे आई. त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "आज पानी की बारी हमारी."

तिथे वर्षाला पाऊस पडतो साधारण शंभर मिलिमीटर. आपल्याकडे एका रात्रीत तेवढा पडतो! शेती सगळी डोंगरावरचा बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. ते पाणी पाटाने गावात आणतात, 'झिंग' नावाच्या तळ्यात साठवतात. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे बघायला गाव एक माणूस नेमतं. त्याला चुरपोन म्हणतात. पाळी मोडून कुणी पाणी वळवत नाही.

तरी पेरणीच्या वेळी पाण्याची ओढ असतेच, कारण तेव्हा वरचा बर्फ पुरेसा वितळलेला नसतो. म्हणून छेवांग नॉर्फेल नावाच्या इंजिनिअरने हिवाळ्यात वाया जाणारं पाणी अडवून, गावाजवळच त्याचा बर्फ करून ठेवायची युक्ती काढली. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी बर्फाचे उंच स्तूप उभे केले. उन्हाळा लागला की ते हळूहळू वितळतात आणि शेताला पाणी मिळतं.

ते ऐकताना मला आपल्या वाड्या आठवल्या. कर्जत-खालापुरात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. मोरबे धरण आपल्या खालापुरात, पाणी नवी मुंबईला. आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरतात. त्यांच्याकडे थेंब पडतो, तो ते जपतात. आपल्याकडे धो-धो पडतो, तो आपण उल्हास नदीला आणि पाताळगंगेला देऊन टाकतो.

मी मोठं काही सांगत नाही. पाऊस ओसरला, पण ओढा वाहता आहे, अशा वेळी म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालता येतो. गोण्या गावात मिळतात, हात आपले आहेत. पाणी अडलं की खालच्या विहिरीला थोडे दिवस जास्त पाणी राहतं. एका ग्रामसंघाने एक बंधारा, एवढं ठरवू या. आणि विहिरीवरच्या पाळीचं भांडण मिटवायला आपली एक चुरपोन बाई नेमू या.

आमच्या ओढ्यावर पहिली गोणी मी भरणार आहे. दुसरी हे भरतील, तसं कबूल करून घेतलंय. आता ऐकायला लागलेत.

जुले!