खजुराच्या जाती आणि किडींचा प्रतिकार

खजुराची प्रत्येक नामांकित जात म्हणजे एकाच मूळ झाडाचा विस्तार असतो. नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने बियांपासून निघणारे रोप आईच्या गुणांचे असेल याचा भरवसा नसतो. म्हणून खलास, सुक्करी, बरही, देगलेत नूर या जाती बुंध्याचे फुटवे लावून किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवतात. परिणामी बागेतल्या एका जातीच्या सर्व झाडांचे बळ सारखे असते आणि उणीवही सारखीच. किडीला एक झाड मानवले की शेजारची सगळीच मानवतात.

वनस्पतींच्या कीडप्रतिकाराचे तीन मार्ग आर. एच. पेंटर यांनी १९५१ साली मांडले. झाड किडीला नकोसे वाटते. झाड खाऊन किडीची वाढ खुंटते. किंवा कीड पोसूनही झाड तग धरते.

खजुराचा सर्वांत घातक शत्रू लाल सोंड्या भुंगा. कोकणातल्या माडांना छळणारा भुंगा तो हाच. मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियातला हा कीटक १९८०च्या दशकाच्या मध्यास आखाती देशांत पोचला आणि तिथून इजिप्त, स्पेनपर्यंत पसरला. किडके फुटवे आणि झाडे यांच्या वाहतुकीने त्याला वाट करून दिली. मादी खोडावरच्या जखमांत, विशेषतः फुटवा काढलेल्या जागी, अंडी घालते आणि अळ्या गाभा पोखरतात. बाहेर तपकिरी द्रव आणि चोथा दिसेपर्यंत आत बरेच नुकसान झालेले असते. वीस वर्षांखालची झाडे जास्त बळी पडतात. त्यामुळे जातींची तुलना सारख्या वयाच्या झाडांतच करावी. नाहीतर जुन्या बागेतली कोणतीही जात काटक भासते.

सौदी अरेबियात खलास, सुक्करी, खसाब आणि सिल्लज या जातींवर अळ्या वाढवून पाहिल्या, तेव्हा सुक्करीवर त्या अधिक जोमाने पोसल्या. तिच्या ऊतींतली जास्त साखर हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. उलट ऊतींतले कॅल्शियम अळीची वाढ रोखते, असे इराणी जातींच्या अभ्यासात आढळले. तरीही हा फरक उन्नीस-बीसचाच मानावा लागतो, कारण भुंग्यापासून पूर्ण सुरक्षित अशी खजुराची जात नाही. खरा प्रतिकार दिसतो तो ताडकुळातल्या दूरच्या नातेवाइकांत. वॉशिंग्टोनिया फिलिफेरा हे झाड डिंक सोडून अळ्यांना मारते, तर भूमध्य प्रदेशातल्या बुटक्या पंखताडाच्या खोडावरचे दाट तंतू मादीला अंडी घालू देत नाहीत. याउलट कॅनरी बेटांवरचा खजूर तर भुंग्याला विशेष प्रिय.

फळांवरच्या किडींत चित्र निराळे. ट्युनिशिया, अल्जीरिया आणि कॅलिफोर्निया येथे देगलेत नूर या जातीला कॅरोब पतंगाचा मोठा उपद्रव होतो. बाजारात मान मिळवणाऱ्या या जातीची लागवड सलग आणि विस्तीर्ण असल्याने पतंगाला अन्नाची ददात पडत नाही. घोसांना जाळीच्या पिशव्या बांधणे आणि गळलेली फळे वेचून नष्ट करणे हे उपाय तिथे करावे लागतात. अशा प्रदेशांत एकाच जातीवर विसंबणे धोक्याचे आहे. लागवडीत दोन-चार जाती मिसळणे केव्हाही हिताचे.

संकरातून प्रतिकारक जात घडवणे हे फार सबुरीचे काम आहे. बियांपासूनचे रोप फुलायलाच बहुधा चार-पाच वर्षे किंवा अधिक लागतात, आणि तेव्हा त्यांतली निम्मी झाडे नर निघतात.