एकाला हसू, दुसऱ्याला राग



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस नाहीतर कामगार कायदे यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र विषय कळविला तो विनोदाचा. चालकांनी तो मान्य केला याबद्दल त्यांचे आभार मानून आरंभ करतो.

आमचे शालेय शिक्षण अर्ध्यावरच राहिले. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर द्वारसभा घेत असल्यामुळे हशा या वस्तूशी आमचा रोजचा व्यवहार आहे. द्वारसभेत माणसे उन्हात उभी असतात, त्यांना घरची ओढ असते. एक हशा पिकला की सभा पंधरा मिनिटे अधिक टिकते. पण तोच हशा चुकीच्या जागी पिकला, तर अर्धी सभा हसते, अर्धी गप्प होते, आणि त्या दिवशी पुढचे काम होत नाही. म्हणून विनोदाने माणसे कशी जोडली जातात यापेक्षा ती कशी दुभंगतात, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे.

आपणही हा अनुभव घेतला असेल. एकाच खेळाला दोन शेजारी जातात. एक बाहेर पडताना म्हणतो, हसून हसून पोट दुखले. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात गेले, सगळा पाचकळपणा. करुण नाटकाच्या बाबतीत सहसा असे होत नाही. तेथे एक जास्त रडेल, दुसरा कमी रडेल; पण रडणाऱ्याचा दुसऱ्याला राग येत नाही. विनोदात मात्र हसणाऱ्याचा राग येतो. असे का व्हावे?

याचे तयार उत्तर म्हणजे, ज्याची त्याची आवड. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त नाट्याचार्याच्या तोंडून सांगितले आहे, की वेगवेगळ्या आवडीच्या लोकांचे समाधान करणारी एकच गोष्ट म्हणजे नाट्य. कालिदासाबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणू, की विनोदापुरते हे खरे नाही. आणि आवड या शब्दाने प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो. कारले आवडणे न आवडणे ही आवड. पण शेजाऱ्याने कारले खाल्ले म्हणून आपल्याला संताप येत नाही. जेथे संताप येतो तेथे आवडीपलीकडचे काहीतरी असले पाहिजे.

आपल्याकडे याचा सर्वांत जुना विचार भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त सापडतो. त्यांनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. आणि पुढे त्यांची वाटणी केली आहे. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. उत्तमाने दात न दाखविता, फार तर किंचित दाखवून हसावे. अंग गदागदा हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो तो अधम. इतकेच नव्हे, तर हा रस बहुधा स्त्रियांत आणि नीच प्रकृतीच्या पात्रांत दिसतो, असेही तेथे म्हटले आहे. हे वाचताना आम्हांला प्रथम हसू आले, आणि भरतांच्या हिशेबाने ते कोणत्या वर्गातले होते हे सांगायला नको. पण विनोद बाजूला ठेवून पाहिले तर त्यांनी एक मोठी गोष्ट टिपली आहे. कोण कसा हसतो यावरून समाज माणसाची पायरी ठरवितो. म्हणजे तुमच्या हसण्यावर मी नाक मुरडतो, तेव्हा मी तुमच्या विनोदाला नव्हे, तुमच्या पायरीला नाक मुरडत असतो.

दादा कोंडके यांच्या चित्रपटांवरून झालेला वाद आठवून पाहा. मुंबईच्या गिरणगावात वाढलेला हा कलावंत. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने तो गाजला आणि १९७१ साली ‘सोंगाड्या’ने पडद्यावरही गाजला. त्यानंतर त्यांच्या चित्रपटांनी रौप्यमहोत्सवांची रांग लावली. गिरण्यांतला आणि खेड्यातला प्रेक्षक लोटला. पांढरपेशा घरांत मात्र या चित्रपटांचे नाव काढणेही कमीपणाचे मानले जाई. द्व्यर्थी संवाद अश्लील, अशी तक्रार होती. ही तक्रार निव्वळ शीलाची होती काय? संस्कृत प्रहसनांतला आणि शृंगारिक लावण्यांतला चावटपणा अभ्यासाचा विषय म्हणून चालतो. अर्ध्या चड्डीची नाडी लोंबविणाऱ्या खेडवळाने तोच केला की तो असह्य होतो. येथे पायरीचा प्रश्न होता, यात आम्हांला शंका नाही.

पण येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल. गिरणीत सूत काढणाऱ्या बाईने तोच आक्षेप घेतला, तर तिला पांढरपेशी म्हणता येणार नाही. भोळा गडी पाटलाला, हवालदाराला फजीत करतो तेव्हा तीही हसते. पण त्याच दृश्यात विनोदाचे दुसरे टोक बाईच्या देहाला टोचते, तेव्हा तिचे हसू थांबते. एकाच विनोदात एक वरचा माणूस खाली येतो आणि एक खालची बाई आणखी खाली ढकलली जाते. शेजारी बसलेला पुरुष पहिली गोष्ट पाहतो, ती दुसरी पाहते. दोघांचेही डोळे ठीक आहेत. मते वेगळी होतात ती या कारणाने.

फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने सांगितले, की हसायचे तर अंतःकरणाला घटकाभर बधिर व्हावे लागते; ज्याची कणव येते त्याला आपण हसू शकत नाही. दुसरे त्याने असे सांगितले, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला म्हणजे हसू येते. आणि तिसरे असे, की हसणे ही नेहमी एखाद्या मेळ्याची गोष्ट असते. मेळ्याबाहेरच्याला ते हसू कळत नाही.

या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी पाहायच्या तर चार्ली चॅप्लिनचा १९३६ सालचा ‘मॉडर्न टाइम्स’ पाहावा. पुढे सरकणाऱ्या पट्ट्यावरच्या नटांना पाना लावता लावता चार्लीचे हात असे सवयीचे गुलाम होतात, की काम थांबले तरी ते थांबत नाहीत. जेवणाची सुटी वाचावी म्हणून मालकाला एक यंत्र दाखविण्यात येते. ते कामगाराला घास भरविते. यंत्र बिघडते आणि मक्याचे कणीस चार्लीच्या तोंडावर गरगर फिरू लागते.

एका संघटनेच्या सभागृहात हा चित्रपट दाखविला तेव्हा आम्ही पडद्याकडे कमी आणि माणसांकडे अधिक पाहत होतो. घास भरविण्याच्या यंत्राला कार्यालयातली कारकून मंडळी खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. जुळणीच्या पट्ट्यावर वीस वीस वर्षे काढलेले म्हातारे तेथे हसले नाहीत. एकजण आपले मनगट चोळत बसला होता. पुढे लॉरीवरून पडलेले लाल निशाण परत द्यायला चार्ली ते उचलून हलवितो, मागून मोर्चा येतो, आणि पोलीस त्यालाच पुढारी समजून पकडतात. येथे मात्र हेच म्हातारे टाळ्या पिटून हसले, आणि कारकून मंडळी जराशी गोंधळली. बर्गसाँचे म्हणणे आम्हांला त्या दिवशी पुरते उमगले. ज्याचे मनगट दुखते त्याचे अंतःकरण पट्ट्याच्या बाबतीत बधिर होऊ शकत नाही. पण विनाकारण पकडले जाण्याची भीती ज्याने संपात जिरविली आहे, तो तिला हसू शकतो. जखम भरलेली असेल तर हसू येते, ओली असेल तर येत नाही.

चॅप्लिनने स्वतः या धंद्याचे एक गमक सांगून ठेवले आहे. त्याच्या १९१७ सालच्या एका चित्रपटात सज्जातून आइस्क्रीम खाली पडते ते एका श्रीमंत बाईच्या पाठीत. १९१८ साली एका लेखात त्याने याचे कारण दिले : तेच आइस्क्रीम फरशी पुसणाऱ्या बाईच्या मानेवर पडले असते, तर प्रेक्षकांना हसू न येता तिची दया आली असती. तिच्याजवळ गमावण्यासारखा तोराच नाही.

ही गोष्ट आपल्या सोंगाड्याला चॅप्लिनच्या कितीतरी आधी ठाऊक होती. तमाशाच्या बतावणीत आणि वगात तो राजाला, प्रधानाला, कोतवालाला उलट उत्तरे देतो. सत्यशोधकी जलशांनी हीच रीत भटजी-सावकारांवर चालविली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून ती गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत नेली. त्या त्या वेळी एका बाजूला हशा होता आणि दुसऱ्या बाजूला संताप होता. संतापणाऱ्यांना विनोद कळला नव्हता असे नव्हे. त्यांना तो बरोबर कळला होता.

मग आपण म्हणू, वरच्याला हसणे चांगले आणि खालच्याला हसणे वाईट, झाला निकाल! पण व्यवहार इतका सोपा नाही. वरचा कोण आणि खालचा कोण, हेच बसल्या जागेवरून बदलते. हमालाला कारकून वरचा दिसतो, कारकुनाला साहेब. शिवाय काळही बदलतो. ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये १९४० साली चॅप्लिनने हिटलरची टर उडविली. पुढे १९६४ सालच्या आत्मचरित्रात त्याने लिहिले, की छळछावण्यांतल्या खऱ्या भीषणतेची तेव्हा कल्पना असती तर तो चित्रपट आपल्या हातून झाला नसता. चित्रपट तोच, करणाराही तोच. मध्ये जे उघडकीस आले त्याने हसण्याची जागा हलविली.

आणखी एक उदाहरण घरचे घेऊ. जुन्या मराठी नाटकांतून मालवणी बोलणारा घरगडी हे हशाचे ठरलेले गिऱ्हाईक असे. त्याने तोंड उघडले की हशा. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजविले. गावकरी मंडळी महाभारताचे नाटक बसवितात आणि त्याचा बोजवारा उडतो, एवढीच गोष्ट. भाषा तीच मालवणी, हशाही प्रचंड. पण पूर्वी त्या भाषेला दुसरे हसत होते. आता ती बोलणारी माणसे स्वतः हसवीत होती. विनोद कशावर आहे यापेक्षा तो कोणाच्या हातात आहे, याने केवढा फरक पडतो पाहा.

आता हे सारे आम्हांला का बोलावेसे वाटले ते सांगतो. एका कारखान्यात वार्षिक स्नेहसंमेलनात कायम कामगारांनी एक सोंग आणले होते. विषय होता कंत्राटी कामगार. त्याला उपाहारगृहाचे कूपन नाही, गणवेश कोणाचा तरी उतरलेला, फाटकावर रखवालदार त्याला रोज नव्याने नाव विचारतो. पुढच्या रांगांत हशा मावेना. मागे भिंतीला टेकून कंत्राटी कामगार उभे होते. त्यांतले बरेच शेवटपर्यंत थांबले नाहीत. पुढल्या महिन्यात मागणीपत्रावर त्यांच्या सह्या हव्या होत्या, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. कायम कामगार म्हणाले, एवढीशी थट्टा यांना सोसत नाही. कंत्राटी कामगार म्हणाले, तुमच्या लेखी आम्ही थट्टेपुरते. तो करार दुबळा झाला, त्याची झळ दोघांना पोचली.

पुढल्या वर्षी कंत्राटी कामगारांतल्याच दोघांनी सोंग आणले. विषय तोच, कूपन तेच, रखवालदार तोच. पण या वेळी रखवालदार नाव विचारतो तेव्हा कामगार दर दिवशी वेगळे नाव सांगतो, आणि महिनाअखेर तीस माणसांचा पगार मागतो. हशा मागल्या भिंतीपासून सुरू झाला आणि पुढच्या रांगांत आला. त्यानंतरच्या मागणीपत्रात उपाहारगृहाचे कलम सर्वांच्या नावाने पडले. ते केवळ सोंगामुळे पडले असे आम्ही म्हणणार नाही. त्यासाठी बैठका झाल्या, भांडणे झाली. पण बोलायला तोंड मिळाले ते त्या हशाने.

म्हणून आम्हांला दोन प्रकारच्या माणसांची धास्ती वाटते. पहिला म्हणतो, तुम्हांला विनोद कळत नाही. दुसरा म्हणतो, विनोदच बंद करा. २०२५ सालच्या मार्चमध्ये एका विनोदकाराने राजकीय पुढाऱ्यावर केलेल्या गाण्यावरून, मुंबईत खार येथे तो कार्यक्रम जेथे झाला होता त्या जागेची मोडतोड करण्यात आली. ज्या खुर्च्या मोडल्या त्यांनी काही गाणे लिहिले नव्हते. ज्याला राग आला त्याने बोलावे, लिहावे, उलट सोंग आणावे. आपल्याकडे सवालाला जवाब देण्याची रीत आहे, खुर्चीला लाथ मारण्याची नाही. पण पहिल्या माणसालाही आम्ही सोडणार नाही. न हसणाऱ्याला बथ्थड म्हणणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणेच आहे.

तेव्हा आपणांस विनंती एवढीच. पुढच्या वेळी नाट्यगृहात आपण हसत असाल आणि शेजारचा गप्प असेल, तर त्याला हिणवू नका आणि स्वतः ओशाळूही नका. बाहेर पडल्यावर चहाच्या पेल्यावर विचारा, की बाबा रे, तुला तेथे काय दिसले? आपण बसलो होतो तेथून न दिसणारी एखादी गोष्ट त्याच्या जागेवरून दिसत असेल. आणि आपण गप्प असताना सारे सभागृह हसत असेल, तर त्यांनाही तेच विचारा. मत बदलेल असे नाही. बदलावे असेही नाही. पण ज्या गावात माणसे असे एकमेकांना विचारतात, तेथे संप फुटत नाहीत आणि शेजारही तुटत नाही, असा आमचा अनुभव आहे.