मद्यपान आणि मज्जासंस्था



खानदेशाला दारूबंदीचा विचार नवा नाही. १९७२ नंतर तत्कालीन धुळे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, शहादा परिसरात आदिवासी भगिनींनी दारूच्या गुत्त्यांवर चाल करून मडकी फोडली. पुढे २००८ च्या शासन आदेशाने परवानाधारक दुकान मतदानाद्वारे बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला. ‘आडवी बाटली’ हे त्या मतदानाचे चिन्ह सर्वपरिचित आहे. परंतु मडके फुटले, तरी पिणाऱ्याच्या मेंदूवरील दारूचा अंमल लगेच संपत नाही. त्याकडे आज मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

मेंदूचे कार्य रासायनिक दूतांच्या समतोलावर चालते. ‘ग्लुटामेट’ पेशींना चेतवतो, तर ‘गाबा’ त्यांना आवरतो. जणू एक गाडी ओढणारा बैल, दुसरा हातातला कासरा. मद्य, मग ते मोहाचे असो वा विलायती, गाबाचा प्रभाव वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. म्हणून प्रथम संकोच जातो, मग विवेक सुटतो, जीभ अडखळते आणि लहान मेंदू बाधित होऊन पावले वाकडी पडतात. अतिरेक झाल्यास श्वसन मंदावून मृत्यूही ओढवतो. त्याच वेळी ‘डोपामाइन’ सुखाची ओढ लावते आणि व्यसन जडते.

रोज पिणाऱ्याचा मेंदू या दडपणाशी जुळवून घेतो. चेतना वाढवतो, आवर सैल करतो. अशा स्थितीत दारू एकाएकी थांबली, की बैल उधळतात. हात थरथरतात, झोप उडते, घाम फुटतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, शुद्ध हरपते. उपचार न मिळाल्यास हे प्राणावर बेतते. ही बाहेरची बाधा नव्हे, मनाचा दुबळेपणाही नव्हे. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हा धोका टाळू शकतात.

म्हणून ज्या पंचायतीने दुकान बंद करण्याचे ठरविले असेल, तिने जुन्या व्यसनींना आधीच वैद्यकीय तपासणीसाठी न्यावे. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १४४४६ या निःशुल्क दूरध्वनीवरही मार्गदर्शन मिळते. शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी. गुत्ता बंद करणे हे जसे गावाचे काम, तसेच थरथरणारा हात धरून रुग्णालयापर्यंत नेणे हेही गावाचेच काम आहे.