‘यूसी गेली का?’ : प्रकल्पाच्या पैशांची भाषा

बरेच जण हा भाग लोकलमध्ये नाहीतर मेसच्या रांगेत ऐकत असतील, म्हणून आज थेट विषयाला हात घालते. मी एका विद्यापीठाच्या प्रकल्प लेखा कक्षात काम करते. म्हणजे संशोधनासाठी आलेला सरकारी पैसा कुठून आला, कुठे गेला, याचा हिशोब ठेवणं हे माझं रोजचं काम.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय. ‘ताई, मी प्रकल्पात जेआरएफ आहे. पाच महिने झाले, पैसे नाहीत. सर म्हणतात ग्रँट आली नाही. अकाउंट्सवाले म्हणतात यूसी गेली नाही. मी नक्की विचारू कोणाला?’

हा प्रश्न एकट्याचा नाही. यात गंमत अशी की दोघंही खरं बोलतायत. फक्त त्यांची भाषा मुलांना कोणी शिकवत नाही. तर आज तेच शब्द एकेक करून बघू.

पहिला शब्द, पीआय. म्हणजे मुख्य संशोधक. प्रस्ताव त्यांच्या नावाने मंजूर झालेला असतो. पण एक लक्षात ठेवा, पैसा पीआयच्या खिशात येत नाही, तो संस्थेकडे येतो. त्यामुळे खर्च करायचं ठरवतात पीआय, आणि बिल पास करतो लेखा विभाग. ‘सरांनी सही केली तरी पैसे का नाहीत?’ याचं उत्तर इथे आहे.

दुसरा, सॅन्क्शन ऑर्डर. मराठीत मंजुरी आदेश. अनुदान देणारी संस्था, म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान विभाग असेल, जैवतंत्रज्ञान विभाग असेल, किंवा जुन्या एसईआरबीच्या जागी आलेलं एएनआरएफ असेल, ती हा आदेश काढते. एकूण किती रक्कम, किती वर्षं, कोणत्या कामाला किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. प्रकल्पात रुजू होताना या आदेशाची प्रत बघायला मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरा शब्द फार महत्त्वाचा. हेड, म्हणजे लेखाशीर्ष. मंजूर रक्कम एका डब्यात नसते, ती मसाल्याच्या डब्यासारखी वाट्यांमध्ये असते. मोठे भाग दोन : अनावर्ती, म्हणजे उपकरणं वगैरे एकदाच होणारा खर्च, आणि आवर्ती, म्हणजे पुन्हापुन्हा होणारा. आवर्तीमध्ये मग मॅनपॉवर, कन्झ्युमेबल्स म्हणजे रसायनं-काचसामान, प्रवास, कंटिन्जन्सी म्हणजे किरकोळ खर्च. आणि एक ओव्हरहेड. वीज, पाणी, जागा, कार्यालय यांच्यासाठी संस्थेला मिळणारा हा वाटा.

तुमची फेलोशिप मॅनपॉवरच्या वाटीतून येते. ती वाटी रिकामी असेल, तर शेजारी रसायनांच्या वाटीत दोन लाख पडून असले तरी लेखा विभाग तुम्हाला देऊ शकत नाही. एका हेडमधून दुसऱ्यात पैसे न्यायचे तर त्याला री-अप्रोप्रिएशन म्हणतात, आणि त्यासाठी सहसा अनुदान देणाऱ्यांची परवानगी लागते. विशेषतः उपकरणांचा पैसा पगाराकडे वळवायचा असेल, तर परवानगीशिवाय नाहीच.

ही वाटी रिकामी कशी होते? एक कारण बघा. जेआरएफचा दर १ जानेवारी २०२३ पासून ३१,००० वरून ३७,००० झाला. आनंदाची गोष्ट. पण प्रस्ताव जुन्या दराने लिहिलेला असेल, तर वर्षाला एका माणसामागे ७२,००० कमी पडणार. वर एचआरए, म्हणजे घरभाडं. ते शहराच्या वर्गावर ठरतं. ३० टक्क्यांच्या दराने पुण्यात ११,१००, आणि २० टक्क्यांच्या दराने नागपुरात ७,४००. फरकाचे पैसे पीआयनी पत्र लिहून मागावे लागतात. ते पत्र गेलंय का, हे विचारणं तुमच्या हातात आहे.

आता येऊ त्या प्रसिद्ध यूसीकडे. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत याचा नमुना दिलाय, १२-ए. मजकुराचा अर्थ साधा : तुम्ही इतके दिलेत, आम्ही त्याच कामासाठी इतके वापरले, इतके शिल्लक आहेत. सोबत जातं एसई, खर्चाचं विवरणपत्र. त्यात तोच खर्च हेडनिहाय फोडून दाखवतात.

मानू, पहिल्या वर्षी १० लाख आले, साडेसात खर्च झाले. अडीच शिल्लक. दुसऱ्या वर्षाची मंजुरी ८ लाखांची. तर समोरची संस्था बहुधा शिल्लक वजा करून साडेपाचच पाठवते. पण हे वजा करायला तिला आधी हिशोब मिळायला हवा ना! म्हणून यूसी नाही, तर पुढचा हप्ता नाही. हप्ता नाही, तर वाटी रिकामी. ‘ग्रँट आली नाही’ आणि ‘यूसी गेली नाही’ ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

नियमात यूसीसाठी आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची मुदत आहे. कागदावर ठीक. पण घरभाडं १२ महिने थांबत नाही. ३१ मार्चला वर्ष संपलं की एप्रिलमध्येच कामाला लागलं, तर पैसे वेळेत येण्याची आशा. यूसी अडते कुठे? कधी उपकरणाचं बिल आलेलं नसतं, कधी कोणी प्रवासाची आगाऊ रक्कम घेऊन हिशोब दिलेला नसतो, कधी पीआय, वित्त व लेखाधिकारी आणि संस्थाप्रमुख यांच्यापैकी एकाची सही राहिलेली असते. फाईल टेबलावर झोपलेली असते, आणि तिकडे कोणीतरी खोलीमालकाला ‘काका, पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणत असतं.

एक छोटा शब्द, कमिटेड एक्स्पेंडिचर. ऑर्डर दिलीय, माल यायचाय, पैसे अजून गेले नाहीत, असा बांधील खर्च. तो हिशोबात वेगळा दाखवावा लागतो, नाहीतर शिल्लक फुगलेली दिसते.

आणि व्याज. अनुदान बँकेत असताना मिळालेलं व्याज प्रकल्पाचं नसतं. हिशोब पक्का झाल्यावर ते सरकारच्या तिजोरीत भरावं लागतं. त्यातून फेलोशिप द्या, असं कोणी सुचवलं तर ते होत नाही.

शेवटचा शब्द, नो-कॉस्ट एक्स्टेन्शन. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं, मुदत वाढली, म्हणजे नोकरी वाढली. तसं नाही. वेळ वाढते, पैसा वाढत नाही. मॅनपॉवरमध्ये शिल्लक असेल आणि आदेशात तशी परवानगी असेल, तरच तुमचा पगार पुढे चालतो. तुमचं पद प्रकल्पाबरोबर सुरू होतं आणि प्रकल्पाबरोबर संपतं. तीन वर्षांच्या प्रकल्पात तुम्ही चौदाव्या महिन्यात रुजू झालात, तर तुमच्याकडे तीन वर्षं नाहीत. दोनपेक्षाही थोडी कमी आहेत. पीएचडीचं गणित त्यावरून मांडा.

म्हणून मुलाखतीला जाताना चार प्रश्न खिशात ठेवा. प्रकल्प सुरू कधी झाला आणि संपतो कधी? मॅनपॉवरमध्ये आत्ता किती महिन्यांचे पैसे आहेत? मागच्या वर्षाची यूसी गेली का? आणि एचआरए मंजूर आहे का? नम्रपणे विचारा, ‘मॅडम, मला घरी सांगायला लागेल म्हणून विचारतोय’ असंही म्हणा. चांगले मार्गदर्शक रागावत नाहीत. उलट त्यांनाही बरं वाटतं, की पोरगा डोळे उघडे ठेवून येतोय.

आणि मेसेज करणाऱ्या दादा, तुमच्यासाठी. आधी सरांना विचारा, यूसी आणि एसई कोणत्या तारखेला पाठवलं. पाठवलं असेल तर जावक क्रमांक घ्या. नसेल, तर लेखा विभागात जाऊन ‘पैसे कधी?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘आले की’ एवढंच मिळतं. ‘यूसी कशासाठी थांबलीय, कोणतं बिल, कोणाची सही?’ असं विचारा. मग माझ्यासारख्या बाईला फाईल उघडून बघावीच लागते. आणि थकबाकीबद्दल पीआयना एक लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मंजूर फेलोशिप मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. तो तुमच्या झालेल्या कामाचा मोबदला आहे.

पुढच्या भागात खरेदीबद्दल बोलू : कोटेशन, टेंडर, जेम पोर्टल, आणि एक पिपेट यायला चार महिने का लागतात. तुमच्या संस्थेत ऐकलेला, न कळलेला एखादा शब्द असेल तर पाठवा. फाईलचा फोटो मात्र पाठवू नका हं, त्यावर लोकांची नावं असतात. भेटूच!