काळे पाणी : अंदमानाच्या आधीचे आणि पलीकडचे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय ऐकल्यावर आपले चिटणीस फोनवर जरा थांबले आणि म्हणाले, "काका, गणपतीचे दिवस आहेत, थोडे हलकेफुलके काही घेतले तर?" मी म्हटले, रविवारी वाद्यवृंद आहेच, शनिवारचा एक तास मला द्या. त्यांनी तो दिला, आणि आपण पावसातून, ट्रॅफिकमधून वाट काढत आलात, याचा मला खरोखर आनंद आहे.

विषय सुचला तो नातवामुळे. सुट्टीत त्याला घेऊन फ्रीडम पार्कला गेलो होतो. तिथे पूर्वी बंगलोरचे मध्यवर्ती कारागृह होते, कैदी परप्पन अग्रहारला हलवले आणि २००८ मध्ये त्या जागी बाग झाली, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. मधला टेहळणीचा मनोरा अजून उभा आहे. नातवाने भिंतीकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, एवढ्याशा भिंतीवरून कैदी पळून कसे जात नव्हते?" मी पहारा, बंदुका वगैरे सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण इंग्रजांनी एक शिक्षा अशीही काढली होती, जिच्यात भिंतीची फारशी गरजच नव्हती. माणसाला उचलायचे आणि अशा ठिकाणी नेऊन सोडायचे, की दार उघडे असले तरी त्याने जायचे कुठे?

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येतो, कोलू येतो, स्वातंत्र्यवीर सावरकर आणि बाबाराव येतात. ते साहजिक आहे. 'माझी जन्मठेप' वाचून आमची पिढी वाढली. पण सावरकर अंदमानात उतरले ते १९११ च्या जुलैत. सेल्युलर जेलची इमारत पुरी झाली १९०६ मध्ये. आणि अंदमानात पहिले दोनशे कैदी घेऊन डॉक्टर वॉकर पोचला तो १० मार्च १८५८ रोजी. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक ती प्रचंड इमारत नसतानाच काळे पाणी चालू होते. सुरुवातीला बरेच कैदी रानात पळाले. पलीकडे ब्रह्मदेश आहे, चालत चालत पोचू, अशी त्यांची समजूत होती. पलीकडे समुद्र होता. रानातल्या आदिवासींच्या बाणांनी काही मेले, काही उपासमारीने परत आले, आणि परत आलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवले. पुढच्यांना वेगळे सांगावे लागले नसेल.

अंदमान ही तर नंतरची गोष्ट. त्याच्याही आधी आपली माणसे मॉरिशसला गेली होती. इंग्रजांनी ते बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतले. गुलामांच्या व्यापारावर तोवर बंदी आली होती, मजूर कमी पडत होते. तिथला गव्हर्नर फार्कुहार पूर्वी पिनांगला होता आणि हिंदुस्थानी कैद्यांकडून रस्ते कसे करून घेतात ते त्याने तिथे पाहिले होते. त्याने कैदी मागवले. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई या दोन इलाख्यांतून मिळून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला धाडले गेले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची खरी किल्ली इथेच आहे. शिक्षा न्यायाधीशाने दिली खरी, पण मागणी आली बांधकाम खात्याकडून! आपल्यापैकी निम्मे लोक कारखान्यांतून नाहीतर सॉफ्टवेअरमधून आलेले, त्यामुळे मनुष्यबळाची मागणी कशी नोंदवतात ते मी आपल्याला सांगायला नको.

या कैद्यांना पाहिलेला एक साक्षीदार मात्र आपल्याला अनपेक्षित आहे. चार्ल्स डार्विन. उत्क्रांतिवादवाला तोच. १८३६ मध्ये त्याचे जहाज मॉरिशसला लागले. तिथे सुमारे आठशे हिंदुस्थानी कैदी सार्वजनिक कामांवर होते असे तो लिहितो. त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचे, म्हाताऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र दाढ्यांचे त्याला नवल वाटले. हिंदुस्थानातली माणसे दिसायला अशी असतील याची आपल्याला कल्पना नव्हती, असेही तो म्हणतो. बहुतेक जण खुनासारख्या गुन्ह्यांसाठी आलेले, पण काहींचा गुन्हा एवढाच, की रूढीपायी इंग्रजी कायदा मानला नाही. ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या गोऱ्या कैद्यांपेक्षा ही माणसे फार वेगळी वाटली, हेही त्याने नोंदवले आहे. मला त्या पांढऱ्या दाढ्यांचा विचार सोडत नाही. तो माणूस किती वर्षे तिथे असेल? आणि गावाकडे त्याचे दिवस घालून किती वर्षे झाली असतील?

सिंगापूरला मात्र मी स्वतः गेलो आहे, कंपनीच्या कामासाठी. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल नावाचे शुभ्र चर्च तिथे शहराच्या मध्यावर आहे. ते हिंदुस्थानी कैद्यांनी बांधले, १८५६ नंतरच्या पाच-सहा वर्षांत. भिंतींच्या गिलाव्यात शिंपल्यांचा चुना, अंड्यातला पांढरा बलक आणि जाडी साखर कुटून घातली, नारळाच्या सोडणांचे भिजवणीचे पाणी घातले आणि वाळल्यावर दगडाने घोटून चकाकी आणली. ही आपल्या दक्षिणेतली चुनेगच्चीची रीत. सिंगापूरला १८२५ पासून १८७३ पर्यंत कैद्यांची वसाहत होती, त्यात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही इलाख्यांचे लोक होते. गंमत म्हणजे त्यांच्यावर पहारा करायला कैद्यांतलेच वरच्या वर्गात चढलेले लोक नेमत. त्यांना टिंडल म्हणत. आपल्या कोकणातल्या गलबतावरचा तांडेल तो हाच. शहरात ते कामाला मोकळे हिंडत. पळून जाणारे थोडेच, कारण तेच, जायचे कुठे?

आता मी तुम्हाला महाबळेश्वरला नेतो.

इथे बसलेल्यांपैकी महाबळेश्वर न पाहिलेला कोणी नसेल. मध, स्ट्रॉबेरी, चणे घेऊन आपण परत येतो. पण तिथे १८३४ ते १८६४ अशी तीस वर्षे एक तुरुंग होता आणि त्यात सुमारे १२० चिनी आणि मलायी कैदी होते. पिनांग-सिंगापूरकडून आणलेले! म्हणजे आमचा देशावरचा माणूस सिंगापूरला रस्ते फोडतोय आणि तिकडचा चिनी आमच्या सह्याद्रीत. त्यांनी तिथे बागा केल्या, बटाटे आणि भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. सुटल्यावरही काही जण तिथेच राहिले. आपल्या दृष्टीने महाबळेश्वर म्हणजे कृष्णामाईचे उगमस्थान, थंड हवा. त्यांच्या दृष्टीने तेच काळे पाणी. मराठी त्यांना कळत नव्हती, धो धो पाऊस, आणि घाट उतरून गेले तर खाली वाई. वाईत चिनी माणूस लपणार कसा? भिंत कुठे असते ते मला महाबळेश्वरमुळे समजले.

जाता जाता एक सांगतो. महाबळेश्वरचा डोंगर इंग्रजांना १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून मिळाला, खंडाळा गावाच्या बदल्यात. दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. तिथेच ते १८४७ मध्ये वारले. ते काही कैदी-मजूर नव्हते, पण युक्ती तीच. ब्रह्मदेशाचा थिबा राजा रत्नागिरीत १९१६ मध्ये वारला, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ब्रह्मदेशात मंडालेला. ही अदलाबदल कुणी मुद्दाम जुळवली असे नाही, पण पद्धत कशी होती ते त्यावरून दिसते.

आता ज्यांच्याविषयी बोलायचे ठरवून आलो होतो ते वासुदेव बळवंत फडके. आपण बेंगळुरूहून गाडीने सोलापूरकडे जाताना विजापूर लागते. त्याच जिल्ह्यातल्या देवरनावदगी या गावी २० जुलै १८७९ रोजी मेजर डॅनियलने त्यांना पकडले. म्हणजे आपल्या कर्नाटकातच. ते तापाने फणफणले होते. बाकी चरित्र आपल्याला माहीत आहे : पनवेलजवळचे शिरढोण, पुण्यात लष्करी हिशेब खात्यातली नोकरी, आई आजारी असताना वेळेवर न मिळालेली रजा, १८७६-७८ चा दुष्काळ, रामोशांना बरोबर घेऊन केलेले बंड. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. जन्मठेप झाली.

त्यांना अंदमानला नाही, एडनला पाठवले, १८८० च्या जानेवारीत. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या कारभाराखाली होते. अरबस्तानच्या टोकाला, जळका डोंगर, पिण्याच्या पाण्याची मारामार. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला या माणसाने कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचलून काढले आणि बाहेर पडला. तालमीत कमावलेले शरीर होते ते. तुरुंगाची भिंतही मागे टाकली. आणि काही मैलांवर पकडला गेला. वाळवंटात पुण्याचा एक उंच, गोरा ब्राह्मण. अरबी येत नाही, वाट ठाऊक नाही, पाणी नाही, कुणाचे दार ठोठवावे तर ओळखीचे एक घर नाही. सह्याद्रीत रामोशांच्या सोबतीने हाच माणूस कित्येक महिने इंग्रजांच्या हाती लागला नव्हता, हे लक्षात घ्या. तिथे प्रत्येक खिंड त्याची होती. एडनला एका दिवसात खेळ संपला. त्यानंतर जाच वाढला, त्यांनी अन्न टाकले, क्षयाने शरीर पोखरले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते गेले. वय सदतीस.

ही गोष्ट नातवाला सांगितली तेव्हा त्याने विचारले, "आजोबा, कुठे जाता येणार नाही हे त्यांना माहीत नव्हते का?" माहीत असणारच. तरी दार उचलले.

फडक्यांचे नाव तरी राहिले. १९८४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पण मुंबई इलाख्यातून त्यांच्या आधी आणि नंतर जी साधी माणसे जहाजांतून गेली, त्यांचे काय? काही जण खरोखर खुनी, दरोडेखोर होते, सगळ्यांना हुतात्मा करण्याचा माझा इरादा नाही. पण शिक्षा त्यांना एकट्यांना झाली नाही. घरी बायको ना सवाष्ण ना विधवा. पत्र लिहिता येत नाही, लिहिले तरी वाचणार कोण. अंदमानात बरीच वर्षे नीट वागल्यावर कैद्याला जमिनीचा तुकडा मिळे, स्त्री-कैद्याशी लग्न करता येई. पंजाबचा नवरा, बंगालची बायको, जातपात बाजूला. मुलांची भाषा झाली हिंदुस्तानी. या मुलांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणत आणि त्यांचे वंशज आजही पोर्ट ब्लेअरला आहेत. मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे, तो बहुतेक नंतर मजुरीच्या करारावर गेलेल्यांचा, कैद्यांचा नव्हे. पण त्यांच्या बैलगाड्या ज्या रस्त्यांवरून उसाच्या शेतांकडे गेल्या, त्यांतले किती तरी आधीच्या कैद्यांनी केलेले. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आपल्याला इथे साहेबाकडे मागावी लागते!

मी १९७४ मध्ये बंगलोरला आलो तेव्हा मॅजेस्टिकला बसचा बोर्ड वाचता येईना म्हणून अर्धा तास उभा होतो. रडकुंडीला आलो होतो, खरे सांगतो. शेवटी एका कंडक्टरने हाताला धरून बसमध्ये बसवले. आणि माझ्या खिशात तर परतीच्या तिकिटाचे पैसे होते.

घड्याळ आणि चिटणीस दोघेही माझ्याकडे बघताहेत. आरतीची वेळ झाली आहे. कुणाच्या घराण्यात अशी जुनी हकीकत असेल, एखादे पत्र, एखादे नाव, तर प्रसादानंतर मला जरूर भेटा, मी शेवटच्या रांगेपाशी थांबतो.