जुन्या रिव्हॉल्व्हरवरचा नवा मुलामा



लग्नात आहेर म्हणून आलेल्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. टिंबाटिंबांनी कोरलेले ते नाव नवे असते तेव्हा त्यावरून बोट फिरविले, तर प्रत्येक टिंबाची कड किंचित बोचते. चाळीस वर्षे घासल्यानंतर ती कड जाते, परंतु नाव वाचता येते. हाताने होणारी झीज सावकाश असते आणि असमानही असते. काठाशी व बुडाशी अधिक, खोलगटात कमी. तेच भांडे बाजारात नेऊन यंत्राच्या बफवर उजळून आणले, तर काही मिनिटांत निम्मी टिंबे बुजतात आणि उरलेली एका दिशेला ओढल्यासारखी दिसतात. भांड्याच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र हेच घडले, तर त्या शस्त्राची ओळख धोक्यात येते, आणि ते ज्याच्या घरात सापडते त्याचीही अब्रू पणाला लागते.

शस्त्राची ओळख म्हणजे मुख्यतः त्यावर ठोकलेला क्रमांक. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, त्याचा उल्लेख खटल्याच्या कागदपत्रांत ६०६८२४ या क्रमांकाने आहे. त्या बनावटीची पिस्तुले जगात असंख्य होती. नेमके ते एकच, हे सांगणारी गोष्ट म्हणजे पोलादात ठोकलेले ते सहा आकडे. म्हणूनच १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमाने शस्त्रावरील नाव, क्रमांक अथवा ओळखखूण पुसणे, काढणे, बदलणे किंवा बनावट खूण उमटविणे यांस मनाई केली आहे. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, अशी खूण पुसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात मिळेल त्यानेच ती पुसली असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरण्यात येईल. सामान्यतः आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. येथे तो शस्त्र बाळगणाऱ्यावर येतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता मुलुंड किंवा अंधेरी येथील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजोबांच्या नावावर परवाना होता. शस्त्र बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे, स्वातंत्र्यापूर्वी घेतलेले. आजोबा वारल्यावर कपाट उघडले जाते आणि तेलकट कापडात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर बाहेर येते. परवानाधारकाच्या निधनानंतर ते विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. तथापि 'इतके गंजलेले कसे न्यावे' असा विचार घरातील एखाद्या हौशी तरुणाच्या मनात येतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, घाटकोपरच्या गाळ्यांत निकेल आणि बफिंगची कामे चालतात हे त्याला ठाऊक असते. सांगण्यासारखी गोष्ट अशी की, शस्त्राची दुरुस्ती करावयाची तर त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. नळाच्या तोट्या आणि सायकलचे सुटे भाग उजळणाऱ्या कारागिराने रिव्हॉल्व्हर हाती घेतले, तर तोही अडचणीत येतो. मुलाचा हेतू वाईट नसतो. परिणाम मात्र असा होतो की, परवान्यावर लिहिलेला क्रमांक आणि शस्त्रावर दिसणारा क्रमांक यांचा मेळ घालता येत नाही.

प्रश्न येथेच नाजूक होतो. शस्त्राचा पृष्ठभाग नव्याने उजळलेला असणे, हा काही गुन्ह्याचा पुरावा नव्हे. कारखानदार स्वतःच जुनी शस्त्रे परत घेऊन नवा मुलामा देत असत. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कारखान्यात असे काम झाल्यावर मुठीच्या तळाशी क्रमांकाजवळ एक लहान तारा ठोकण्याचा प्रघात होता. ब्रिटिश लष्कराच्या शस्त्रांवर कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्याची 'एफ. टी. आर.' ही अक्षरे आढळतात. म्हणजे चार पायऱ्या वेगळ्या ओळखावयाच्या आहेत: मूळचा पृष्ठभाग, कारखान्याने दिलेला नवा पृष्ठभाग, बाजारात भोळेपणाने केलेले उजळकाम, आणि ओळख पुसण्याच्या हेतूने केलेली घासपूस. शेवटच्या दोहोंतील अंतर डोळ्यांना थोडे दिसते, पण न्यायाच्या दृष्टीने ते फार मोठे असते.

मूळचा पृष्ठभाग कसा असतो? जुन्या रिव्हॉल्व्हरवर दिसणारी निळसर-काळी छटा हा रंग नव्हे. पोलादाच्याच वरच्या कणांचे नियंत्रित रीतीने केलेले ते ऑक्साइड असते. जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पूर्वी तापलेल्या कोळशाच्या भट्टीत, अथवा मुद्दाम बारीक गंज चढवून, तो पाण्यात उकळून आणि घासून ही निळाई आणीत. कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या उकळत्या द्रावणात बुडवून झटपट काळा थर देण्याची रीत १९३० नंतरच्या दशकात रुळली. तिचा रंग अधिक गडद, एकसारखा आणि काही पोलादांवर कालांतराने तांबूस-जांभळ्या झाकेचा होतो. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनलेल्या रिव्हॉल्व्हरवर असा काळा थर असेल, तर तो नंतरचा आहे. मुलाम्याचेही तसेच. निकेलची चकाकी किंचित पिवळसर, उबदार असते. क्रोमची निळसर आणि थंड. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर सुरू झाला तो १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास. त्याआधीच्या शस्त्रावर क्रोम दिसले की तारीख आपोआप ठरते. निकेल सुटलेल्या जागी तांब्याची लालसर कड दिसली, तर बाजारच्या कारागिराचा हात असण्याचा संभव वाढतो, कारण लोखंडावर आधी तांबे चढवून मग निकेल देणे ही त्या धंद्यातील नेहमीची पद्धत आहे. केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

रंगापेक्षा आकार अधिक बोलका असतो. कारखान्यातून निघालेल्या शस्त्राच्या सपाट बाजू खरोखरच सपाट आणि कडा तीक्ष्ण असतात. दिव्याचे प्रतिबिंब नळीच्या बाजूवर सरळ रेषेत पडते. कापडी चाकावर उजळलेल्या धातूवर तेच प्रतिबिंब पाण्यावरच्या चांदण्यासारखे लहरते. स्क्रूच्या भोकांभोवती चाक आत ओढले जाते आणि भोकाचे तोंड बशीसारखे खोलगट होते. मूळ शस्त्रात स्क्रूचा माथा व भोवतालचा धातू यांची कड नेटकी मिळते. ठोकलेल्या अक्षराभोवती धातू किंचित वर उचललेला असतो, भांड्यावरील टिंबाची बोचणारी कड ती हीच. ती नाहीशी झाली असेल, अक्षरे उथळ व एका अंगाला फिकट झाली असतील, तर तेथून बफ फिरला आहे. आणि गंजाचे खड्डे! खड्ड्याच्या तळापर्यंत जर निळाई अथवा निकेल चकाकत असेल, तर गंज आधी आणि मुलामा नंतर, हा क्रम उघड आहे. मूळ थर असता तर गंजाने तोच प्रथम खाल्ला असता.

वापराच्या खुणाही पाहाव्यात. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे राहिलेल्या शस्त्राची झीज नळीच्या तोंडाशी आणि फिरत्या चक्राच्या कडांवर होते. मुठीच्या पट्टीवर घामाने तपकिरी छटा येते. शंभर वर्षांचे शस्त्र असून यांपैकी काहीच नसेल, तर शंका घ्यावी. घोडा आणि चाप हे भाग पुष्कळ जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरांत निराळ्या रीतीने कठीण केलेले, पाण्यात सांडलेल्या तेलासारख्या रंगीत छटांचे असत. बाकी शस्त्राबरोबर त्यांवरही सरसकट निकेल चढलेले दिसले, तर कारागिराने सगळे सुटे भाग एकाच टाकीत बुडविले असा अर्थ होतो. मुठीच्या लाकडी फळ्यांखालचा भाग सहसा कोणी उजळीत नाही. म्हणून मूळची छटा, आणि कित्येकदा क्रमांकाची दुसरी नोंदही, तेथे सुरक्षित राहते. या फळ्या काढण्याचे काम अर्थातच जाणकाराचे. शस्त्र रिकामे आहे की नाही हेही त्यानेच पाहावयाचे.

आणि क्रमांक खरोखरच गेला असेल तर? सांताक्रूझ पूर्वेस कालिना येथे गृह विभागाची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. शस्त्रशास्त्र विभागाकडे येणाऱ्या कामांत पुसलेले क्रमांक वाचणे हे एक काम असते. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. आकडा ठोकताना खाचेखालचा धातू दाबला जाऊन त्याची रचना बदलते. वरची खाच कानशीने घालविली तरी खालचा दाबलेला भाग उरतो, आणि तांब्याचे क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे द्रावण लावले असता तो भोवतालच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो. त्यामुळे आकडा क्षणभर छायेसारखा उमटतो. तेवढ्यात छायाचित्र घ्यावे लागते. यासाठी वरचा मुलामा आधी उतरवावा लागतो आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो. म्हणजे तज्ज्ञालाही तीच घासण्याची क्रिया करावी लागते, फक्त मोजून, सावधपणे, आणि आधीची स्थिती नोंदवून. दाबलेला थर फार खोल नसतो. कोणी बाहेर दोनदा बफ फिरविला असेल, तर प्रयोगशाळेचे यश तेवढ्याने कमी होते. आपल्या देवघरातील पितळी मूर्तीचे नाकडोळे चिंचेने घासूनघासून गेले, की पुढे कोणत्याही उपायाने ते परत येत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि जादा शस्त्र एका वर्षात जमा करण्यास सांगितले. त्या निमित्ताने कित्येक जुनी कपाटे उघडली गेली. बृहन्मुंबईत परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे, इतर जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असते. परंतु गावात किंवा सोसायटीत पहिली विचारणा होते ती सरपंचाला, पोलीस पाटलाला, कधी शाळेतील गुरुजींना. 'थोडे साफ करून नेऊ का?' असा तो प्रश्न असतो. उत्तर 'जसे आहे तसे ठेवा आणि ठाण्याला कळवा' एवढेच पुरे. तेल पुसू नये, गंज काढू नये, ओळख पटावी म्हणून क्रमांकावर खडू किंवा रंगही भरू नये.

ज्यांच्याकडे पंचनामा लिहिण्याचे काम येते, त्यांनी 'एक जुने चकचकीत रिव्हॉल्व्हर' असे लिहून मोकळे होऊ नये. अशा एका शब्दाने भोळा वारस संशयित ठरू शकतो आणि खरा गुन्हेगार सुटूही शकतो. मुलामा कोणत्या रंगाचा आहे, कोठे सुटला आहे, कडा गोल आहेत की तीक्ष्ण, सांगाडा, नळी व चक्र यांवर क्रमांक आहेत काय आणि ते एकमेकांशी जुळतात काय, बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मुकुटाची खूण दिसते काय, हे वेगवेगळे लिहावे. तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. जो आकडा ३ आहे की ८ हे ठरत नाही, तो परवान्यावर पाहून पुरा करू नये. 'तीन अथवा आठ, अस्पष्ट' असेच नोंदवून शस्त्र कालिन्याला पाठवावे.