बाजार समितीचे संचालक कोण निवडतं?

पनवेलच्या बाजारात भाजी विकायला आणणारा शेतकरी, ती घेणारा व्यापारी आणि पाट्या उचलणारा हमाल, या तिघांचाही कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कारभारात वाटा आहे.

समितीचं कामकाज १९६३च्या राज्य कायद्यानुसार चालतं. २०२३ साली राज्यभर या समित्यांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा संचालकांच्या जागा होत्या १८. त्यांतले ११ निवडतात गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांचे पंच. चार जणांना निवडतात ग्रामपंचायत सदस्य. परवानाधारक व्यापारी आणि अडते मिळून दोघांना निवडून देतात, तर हमाल-तोलारी एकाला.

सोसायटी गटात दोन जागा महिलांसाठी, एक इतर मागासवर्गीयांसाठी आणि एक भटक्या-विमुक्तांसाठी राखीव असते. निवडून आलेले संचालक मग आपल्यातूनच सभापती आणि उपसभापती ठरवतात.

म्हणजे सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत आपण कुणाला पाठवतो, यावर बाजार समितीचे १५ संचालक ठरतात. तेव्हा गावच्या सोसायटीची निवडणूक लागली, की मतदार यादीत आपलं नाव आहे ना, हे आधी पाहून घ्या.